खाऊच्या पैशाचा हिशेब



खाऊच्या पैशाचा विषय निघाला की घरोघरी एकच उपदेश ऐकू येतो : पैसे उडवू नकोस, साठव. एके काळी शाळाशाळांतून चाललेल्या संचयिकेनेही हाच संस्कार केला. विद्यार्थ्यांनीच चालविलेली ती छोटी बँक, तिचे पासबुक, सारे स्तुत्यच होते. परंतु काटकसर म्हणजे अर्धेच शिक्षण. साठविलेला पैसाही कधीतरी खर्चच व्हावयाचा असतो; तो कसा खर्चावा हे मुलाला कोणी शिकवावयाचे? पालकांनी आणि शिक्षकांनी ही जागा मोकळी सोडली, आणि जाहिरातदाराने ती बळकावली.

त्याचे कौशल्य पाहण्यासारखे आहे. पाच-दहा रुपयांचे नाणे मुलाच्या मुठीत मावते, म्हणून पाकिटाची किंमत तीच ठेवावयाची; महागाई वाढली की आतला माल कमी करावयाचा. यात कायद्याचा भंग नाही. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार वजन पाकिटावर छापावेच लागते, आणि ते छापलेलेही असते. मात्र ते बारीक अक्षर वाचावयास मुलाला कोणी शिकविलेले नसते. दहा रुपयांच्या पाकिटात २५ ग्रॅम बटाट्याचे वेफर्स असतील, तर किलोला भाव पडला ४०० रुपये. चौथीतल्या मुलाला हे गणित सहज जमते. त्याने ते करावे, आणि मग मंडईत जाऊन बटाट्याचा भाव विचारून यावे. एवढे करूनही एखादे दिवशी वेफर्सच घ्यावेसे वाटले, तर खुशाल घ्यावेत. निर्णय त्याचा असावा. मोठी माणसे आता मोबाइलवरून पैसे देतात, त्यामुळे पैसा हातातून जाताना मुलाला दिसतच नाही. निदान त्याच्या वाट्याचे पैसे तरी नाण्यांतच मोजून द्यावेत.

पण एकट्याच्या शहाणपणाला मर्यादा असतात. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी, त्यांत विणकर बरेच, पै-पै जमवून दुकान काढले. विकावयास पीठ, लोणी, साखर असे मोजकेच जिन्नस. भेसळ आणि खोटे माप यांना कंटाळलेल्या गिऱ्हाइकांनी स्वतःच दुकानदार व्हावयाचे ठरविले होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनेही शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र आणण्याची पद्धत रुजविली. जूनमध्ये एखाद्या वर्गाला वह्या अशाच घाऊक दराने का आणता येऊ नयेत? भाव मुलांनीच काढावेत, पावती फळ्यावर लावावी.

येथे एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. प्रत्येक वर्गात अशी मुले असतातच, की ज्यांच्या हाती खाऊचा पैसा कधी पडत नाही. म्हणून कोणाचीही खर्चाची वही वर्गात मोठ्याने वाचली जाऊ नये. घाऊक खरेदीत जे चार पैसे वाचतील, त्यांतून या मुलांच्या वह्या याव्यात. वाटप एकाच गठ्ठ्यातून व्हावे, आणि कोणती वही कोणाच्या पैशाची, हे गुरुजींखेरीज कोणालाही कळू नये.