छप्पन्न वर्षांनंतरची पाठवणी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपती बसलेले असताना अंत्यसंस्कारावर बोलायचे हे काहींना रुचणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. विषय कळवला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने, "काका, दुसरे काही नाही का?" असे विचारलेही. पण आपले पंचांगच पाहा. अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला निरोप देतो, रात्री जागून मिलच्या झांक्या पाहतो, आणि लगेच पितृपक्ष लागतो. उत्सव आणि स्मरण यांच्यात आपल्या पूर्वजांनी एका रात्रीचेच अंतर ठेवले आहे.

आज सांगायची हकीकत पितृपक्षातलीच आहे.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी हवाई दलाचे एएन-१२ जातीचे मालवाहू विमान चंदीगडहून लेहला निघाले. आत १०२ माणसे होती, त्यांत बहुतेक आपल्या तुकडीवर परतणारे जवान. लेहजवळ हवा बिघडली, म्हणून वैमानिकाने विमान माघारी वळवले. रोहतांग खिंडीच्या परिसरातून शेवटचा संपर्क झाला आणि त्यानंतर काहीच कळले नाही. ना अवशेष, ना निरोप. घरोघरी 'बेपत्ता' एवढाच शब्द पोहोचला.

पुढची पस्तीस वर्षे हिमालयाने काही सांगितले नाही. २००३ साली मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाला लाहौल भागात, चंद्रभागा-१३ शिखराच्या बाजूच्या हिमनदीवर विमानाचे तुकडे आणि एका जवानाचा देह दिसला. ते शिपाई बेलीराम होते. मग सैन्याने मोहिमा काढल्या. २००७ मध्ये आणखी तीन देह मिळाले, २०१३ मध्ये हवालदार जगमाल सिंग यांचा. हिमनदी म्हणजे थांबलेले पाणी नव्हे. ती अतिशय मंद गतीने खाली सरकत असते, आणि पोटात घेतलेले केव्हातरी, कुठेतरी वर आणते. म्हणून एकदा शोधून झालेल्या जागीही पुन्हा जावे लागते. उन्हाळ्याच्या शेवटी, बर्फ सर्वांत कमी असताना, थोडेच दिवस हाती असतात.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू यांच्या पथकाला चार देह मिळाले. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. म्हणजे आपण घरी तर्पण करत होतो, त्याच दिवसांत हे चौघे पहाडावरून खाली उतरत होते. सहारनपूर जिल्ह्यातले मलखान सिंग, उत्तराखंडमधील चमोलीचे नारायण सिंग, केरळमधील एलंतूरचे थॉमस चेरियन आणि हरियाणातील रेवाडी जिल्ह्याचे मुन्शीराम. ओळख पटवायला उपयोगी पडले ते जवळ सापडलेले कागद. नारायण सिंगांच्या खिशात पगाराचे पुस्तक होते. छप्पन्न वर्षे बर्फाखाली राहूनही त्या पुस्तकाने मालकाचे नाव सांगितले!

मग तिरंग्यात लपेटलेल्या पेट्या गावोगाव गेल्या. थॉमस चेरियन बेपत्ता झाले तेव्हा बावीस वर्षांचे होते. आईवडील राहिले नव्हते, भावंडे होती. ४ ऑक्टोबरला गावच्या चर्चमध्ये लष्करी मानवंदनेसह दफन झाले. मलखान सिंगांना घ्यायला नातवंडे उभी होती. आजोबांपेक्षा नातू वयाने मोठा, असे दृश्य एरवी कोणाच्या नशिबी येते?

असे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानची शरणागती जाहीर झाल्यावर सुमारे आठवड्याने, ब्रिटिश हवाई दलाचे एक लिबरेटर विमान मलायाच्या जंगलात कोसळले. युद्ध संपले होते, आणि तरी आठ जण गेले. २०१२ साली, सदुसष्ट वर्षांनी, त्या आठही जणांना क्वालालंपूरमध्ये पूर्ण लष्करी इतमामाने निरोप देण्यात आला.

आता आपल्यातले व्यवहारी लोक विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की इतक्या वर्षांनी हा खटाटोप कशासाठी? सोळा हजार फुटांच्या आसपास जिवंत जवानांचा जीव धोक्यात घालून मृतांची हाडे आणायची? पत्नी गेलेली, आईवडील गेलेले. कोणासाठी?

याचे उत्तर आम्हाला दूर कुठे शोधावे लागले नाही. ते आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, त्यांचा देह मिळाला, दहन झाले, आणि त्यांच्या मृत्यूवर कोणी वाद घातला नाही. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूची मात्र सर्वांची खात्री पटली नाही. पार्वतीबाईंनी आपले कुंकू पुसले नाही. आणि मग निघाला भाऊसाहेबांचा तोतया! पानिपतानंतर पंधरा वर्षांनी त्याने कोकणात बंड केले, किल्ले घेतले, आणि शहाण्यासुरत्यांनाही क्षणभर वाटले की भाऊसाहेबच परत आले. ज्याचा निरोप नीट झालेला नाही, त्याची वाट पाहणे संपत नाही. वाट पाहणाऱ्या माणसाला कोणीही फसवू शकते. बरेचदा त्याचे स्वतःचे मनच फसवते.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हे ठाऊक होते. देह न मिळालेल्यासाठी त्यांनी पालाशविधी सांगितला. पळसाच्या पानांच्या देठांची आकृती करायची, तिलाच देह मानून अग्नी द्यायचा. हा मेलेल्यासाठी जितका, तितकाच मागे राहिलेल्यांसाठी. 'आता दाराकडे पाहणे थांबवा' असे सांगणारा तो विधी आहे.

पण आकृतीला अग्नी द्यायलाही गेल्याची खात्री लागते. १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान पाकिस्तानात शोरकोटच्या हल्ल्यात पडले. ते पकडले गेल्याच्या बातम्या आल्या, पण युद्धकैद्यांच्या परतीत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहायला गेले, त्यांत त्याही होत्या. तिथेही काही हाती लागले नाही. एलंतूरच्या कुटुंबाला उशिरा का होईना, जे मिळाले, ते या मराठी घराला मिळाले नाही. बिगुल वाजला नाही, घडी घातलेला तिरंगा हाती आला नाही. उशिराच्या अंत्यसंस्काराची किंमत कळायची असेल तर या घराकडे पाहावे.

आणि महाराष्ट्राचे हवालदार टी. व्ही. पाटील? फेब्रुवारी १९९३ मध्ये सियाचिनवर ते हिमभेगेत पडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांचा देह मिळाला. एकवीस वर्षांनी ते घरी आले.

महू इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या छावणीतून निवृत्त झालेले कितीतरी जण इंदुरात राहतात, काही आज समोर बसलेही आहेत. आपल्यातल्या अनेकांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत या मुलखात आले. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत जे पडले, त्यांतल्या किती जणांची नावे आपण सांगू शकतो? श्राद्धाच्या पाटावर गुरुजी तीन पिढ्यांची नावे विचारतात, आणि तिसऱ्या नावाला आम्हीच अडखळतो. मग शेजारच्या आत्याबाई आठवून सांगतात. त्या नसतील तेव्हा कोण सांगणार?

म्हणून एक विनंती करून आम्ही रजा घेतो. या चौघांना घर सापडले, कारण खिशात कागद होता आणि गावात नाव ओळखणारे कोणी उरले होते. दोन्ही गोष्टी लागतात. पहिली सैन्य सांभाळते. दुसरी आपली आहे. यंदाच्या पितृपक्षात प्रत्येक घराने एका वहीत नावे लिहावीत. कोण कुठल्या पलटणीत होते, कुठे गेले, कुठून परत आले नाहीत, ते लिहावे. मुलांच्या हाताने लिहून घ्यावे, म्हणजे ते वाचलेही जाईल. मुले बंगळुरूला असोत की बोस्टनला, वहीची एक प्रत त्यांच्याकडे असू द्यावी.

आणि सर्वपित्रीला, ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही अशांसाठी एक ओंजळ जास्त सोडावी. त्या १०२ जणांपैकी बहुतेक अजून बर्फातच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!