सुट्टीची संध्याकाळ
(महोत्सवाच्या पूर्वसंध्येस पालकांपुढें केलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या महोत्सवाप्रीत्यर्थ पेण व रोहें येथील आपण सर्वजण आज एकत्र जमलां आहांत. परंतु मी आज मंदिराविषयीं नव्हे, तर आपल्या घराविषयीं, आणि सुट्टीची संध्याकाळ वयांत येणाऱ्या मुलांसमवेत कशी घालवावी याविषयीं चार शब्द बोलणार आहें.

संत लूक सांगतो कीं, येशू बारा वर्षांचा असतां मरिया व योसेफ त्यास घेऊन सणासाठीं यरुशलेमेस गेलीं. परततांना, तो सोबत्यांच्या मेळ्यांत असेल अशा समजुतीनें तीं एक दिवसाची वाट चाललीं, आणि पुढें तीन दिवसांनीं तो त्यांस मंदिरांत सांपडला. तीं निष्काळजी नव्हतीं. तीं केवळ समजून चाललीं होतीं. आपणही असेंच समजतों: मुलगा आंतल्या खोलींत आहे, म्हणजे तो आपल्यापाशीं आहे!

आपल्यांतील एक गृहस्थ धाटावच्या एका कारखान्यांत पाळीनें काम करतात. ते रात्रपाळी करून घरीं येतात, तेव्हां मुलगा कॉलेजासाठीं पेणच्या गाडीस निघालेला असतो. पितापुत्रांची निवांत गांठ पडे ती केवळ सुट्टीच्या दिवशीं. एकदां ते मजकडे येऊन म्हणाले, "फादर, मुलगा बोलतच नाहीं." मीं सल्ला दिला, "मोबाइल काढून घ्या, समोर बसवा आणि अभ्यासाचा हिशेब मागा." तो सल्ला चुकीचा होता, हें मी आज सर्वांसमक्ष कबूल करतों. मुलानें हिशेब दिला. तो खोटा होता, हें मागाहून कळलें. जें थोडेंफार बोलणें होतें, तेंही थांबलें.

पुढें २६ जानेवारीची सुट्टी आली. वालाच्या शेंगांचे ते दिवस. त्या गृहस्थांनीं आपलाच मोबाइल कपाटांत ठेवला आणि मुलास एवढेंच म्हटलें, "चल, पोपटी लावूं." दोघांनीं बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणला, मडक्यांत शेंगा, बटाटे व अंडीं भरलीं, तोंडाशीं पाला कोंबला, आणि मडकें उपडें ठेवून भोंवतीं जाळ केला. आपण जाणतांच, पोपटींत पाणी घालीत नाहींत. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात, आणि त्यास अर्धा तास तरी लागतो. घाईनें मडकें उघडलें, तर शेंगा कच्च्या राहतात. त्या अर्ध्या तासांत, जाळाकडे पाहत, मुलगा म्हणाला, "बाबा, मी महिनाभर कॉलेजांत गेलों नाहीं." बाप कांहीं बोलणार, तोंच आईनें त्यांचा हात दाबला. ते गप्प राहिले. मग मुलगा सर्व बोलला. गणित सुटत नव्हतें, सांगण्याची लाज वाटत होती, आणि रोज गाडीनें जाऊन तो स्थानकावरच बसून राहत होता. दुसऱ्या दिवशीं दोघे मिळून प्राध्यापकांस भेटले.

याच जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोकांचें उदाहरण घ्या. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून ते शब्बाथ पाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. घाणा बंद म्हणजे त्या दिवसाची मिळकत बंद. तरीही त्यांनीं तो दिवस सोडला नाहीं, आणि पिढ्यान् पिढ्या तो बापाकडून लेकाकडे गेला. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांपैकीं पुष्कळजण तिकडे गेले; परंतु जो वारसा घेऊन ते गेले, तो घरांतल्या त्या दिवसानेंच राखला होता.

तेव्हां माझी विनंती एवढीच: सुट्टीच्या संध्याकाळीं प्रथम वडीलधाऱ्यांनीं आपला मोबाइल बाजूस ठेवावा. मुलांसह हातांनीं कांहीं काम करावें. प्रश्न थोडे विचारावेत. आणि मूल बोलूं लागलें, कीं मध्येंच उपदेश करूं नये. रात्रीं जपमाळ एकत्र म्हणावी, मग ती एकच दशक कां असेना.

येशू मंदिरांत जें बोलला, तें त्याच्या आईबापांस उमगलें नाहीं. परंतु तो त्यांच्याबरोबर नाझरेथास परत आला, आणि मरियेनें तें सर्व आपल्या अंतःकरणांत जपून ठेविलें. आपल्या मुलांचें सारेंच बोलणें आपणांसही उमगेल असें नाहीं. तीं आपल्याबरोबर घरीं यावींत, व त्यांचें बोलणें जपून ठेवण्याइतकी जागा आपल्या अंतःकरणांत असावी, हीच परमेश्वराच्या चरणीं प्रार्थना.