कोरोना आणि आपलीं आंतडीं

कोरोना हा शब्द उच्चारतांच खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या रोग्याचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र खोटें नाहीं, पण तें अपुरें आहे. २०२० सालीं जगभर पसरलेल्या साथींत कित्येक रोग्यांची पहिली तक्रार छातीची नसून पोटाची होती. अन्नावरची वासना उडणें, मळमळणें, ओकाऱ्या होणें, ढाळ लागणें, अशीं तीं लक्षणें. हा विषाणु पोटांत काय करतो, आणि ज्याचें पोट बिघडलें त्या रोग्याचें पुढें काय होतें, या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

विषाणूची वाढ जिवंत पेशींत शिरल्यावांचून होत नाहीं. आणि शिरावयाचें तर पेशीच्या पृष्ठभागावर योग्य तें कुलूप सांपडावें लागतें. कोरोनाच्या विषाणूच्या अंगावर जे कांटे असतात, त्यांची किल्ली ज्या कुलपाला लागते त्यास शास्त्रज्ञ एसीई-२ म्हणतात. हें कुलूप श्वासमार्गांत तर असतेंच. परंतु लहान आंतड्याच्या अस्तरांत, अन्नरस शोषून घेणाऱ्या पेशींवर, तें विपुल आढळतें. २०२० सालीं नेदर्लंड्समधील संशोधकांनीं मनुष्याच्या आंतड्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेंत वाढविलेल्या इवल्याशा गोळ्यांत हा विषाणु सोडला, तेव्हां तो तेथें चांगलाच फोफावला. ज्या पेशींनीं पाणी व अन्नरस शोषावयाचा त्याच अशा रीतीनें आजारी पडल्या, तर ढाळ लागावेत यांत नवल नाहीं.

याच कुळांतील सार्स विषाणूनें २००३ सालीं याची पूर्वसूचना दिली होती. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतींत ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले, आणि त्यांतील बहुसंख्यांना ढाळ होत होते. तपासांत संशय गेला तो सांडपाण्याच्या नळांवर. मोऱ्यांच्या वांकड्या नळ्यांतील पाणी सुकून गेल्यामुळें दूषित तुषारांना परत घरांत शिरण्यास वाट मिळाली होती. पुढें २०२० सालीं चीनमधील झुहाई येथें ७३ रोग्यांच्या शौचाची तपासणी झाली, तेव्हां ३९ जणांत कोरोनाच्या विषाणूचा अंश सांपडला. त्यांपैकीं १७ जणांच्या शौचांत, श्वासमार्गाची तपासणी निर्दोष ठरल्यावरही, तो मिळत राहिला.

पण येथें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. घरांत सापाची कात सांपडली म्हणजे साप घरांतच आहे असें होत नाहीं. तसेंच विषाणूचा अंश सांपडला म्हणजे जिवंत विषाणु सांपडला असें ठरत नाहीं. कोविडचा प्रसार मुख्यतः श्वासावाटेंच होतो. उलट, याच अंशांचा एक मोठा उपयोग झाला. शहराचें सांडपाणी तपासून, लोक दवाखान्यांत येण्यापूर्वींच, साथीची चाहूल घेतां येऊं लागली.

आतां दुसरा प्रश्न. पोट बिघडलेल्या रोग्याचा आजार अधिक बिकट होतो काय? चीनच्या हुबे प्रांतांतील २०४ रोग्यांच्या पाहणींत असें आढळलें कीं, पोटाच्या तक्रारी असलेले रोगी आजार सुरू झाल्यापासून सरासरी ९ दिवसांनीं रुग्णालयांत आले. इतर रोगी ७.३ दिवसांनीं आले. या पाहणींत पोटाच्या तक्रारी असलेल्यांची प्रकृति सुधारण्यास विलंब लागला. याच्या उलट, न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय येथील संशोधनांत, जें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें, पोटाचीं लक्षणें असलेल्या रोग्यांत मृत्यूचें प्रमाण कमी दिसलें. मग खरें काय समजावें? पोटाचीं लक्षणें हीं स्वतः मृत्यूचीं दूतें नव्हेत, एवढें यावरून म्हणतां येतें. मात्र त्यांना "कांहींतरी बाधलें असेल" असें म्हणून जे दिवस दवडले जातात ते महाग पडूं शकतात. आंतडें जितका घात करतें त्याहून अधिक घात उशीर करूं शकतो.

याला एक अपवाद ध्यानांत ठेवावा. अत्यवस्थ रोग्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि गुठळी आंतड्याच्या रक्तवाहिनींत अडकली तर आंतड्याचा तो भाग मरूं लागतो. असह्य पोटदुखी किंवा शौचावाटें रक्त जाणें हें म्हणून तांतडीचें लक्षण होय.

आपल्या आंतड्यांत असंख्य उपकारक जंतूंची वस्तीही असते. हाँगकाँगमधील १०० रोग्यांच्या अभ्यासांत या वस्तींतील कांहीं हितकर जाति घटलेल्या दिसल्या, आणि विषाणु नाहींसा झाल्यावरही ती घट लगेच भरून आली नाहीं. हा बिघाड आजाराचें कारण कीं परिणाम, हें एवढ्यावरून ठरत नाहीं. परंतु जंतुनाशक औषधांनीं हीच वस्ती उध्वस्त होते, आणि विषाणूवर त्यांचा कांहींच इलाज चालत नाहीं. तेव्हां वैद्याच्या सल्ल्यावांचून तीं औषधें घेणें म्हणजे दुखण्यांत भर घालणें होय.

तेव्हां गृहिणींनीं व गृहस्थांनीं काय करावें? घरांतील वृद्ध मनुष्य एकाएकीं जेवेनासा झाला, अथवा ज्वराबरोबर ढाळ लागले, आणि आसपास कोविडचे रोगी असले, तर खोकल्याची वाट न पाहतां तपासणी करून घ्यावी. ढाळ होत असतां पाणी तोडूं नये. जलसंजीवनीची पुडी तिच्यावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यांत विरघळवून घोट घोट पाजावी, आणि पेज, भात, वरण असें हलकें अन्न चालूं ठेवावें. शौचानंतर साबणानें हात धुवावेत, आणि मोरीच्या नळींतील पाणी सुकूं देऊं नये. ग्लानि, लघवी कमी होणें किंवा श्वास लागणें यांपैकीं कांहींही दिसल्यास रुग्णालय गाठावें. पोटाची तक्रार ही पुष्कळदां खरोखर पोटाचीच असते. परंतु साथीच्या दिवसांत ती दुसऱ्याच कोणाचा निरोप घेऊन आली आहे काय, एवढें विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.