संकेतस्थळाचा पहारेकरी
(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



विषय रूक्ष आहे, म्हणून आरंभ घरच्याच गोष्टीने करतो. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५ साली प्रथमच साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला आणि यवतमाळ जिल्ह्यातली मुलेही त्यात आली. नोंदणी २१ मे रोजी सुरू व्हायची होती. त्या दिवशी संकेतस्थळ चालेना. अखेर नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. झरी-जामणीकडच्या खेड्यातून दिवसाची मजुरी बुडवून, मुलीला घेऊन एस.टी.ने तालुक्याला आलेल्या बापाला तो दिवस कसा गेला असेल, हे आपल्याला सांगायला नको.

शासनाचे संकेतस्थळ सांभाळणे आपल्या हाती नाही. परंतु आपल्या संस्थेचे प्रवेश-अर्ज, निकाल आणि शिष्यवृत्तीच्या सूचनाही आता संगणकावरच आहेत. ते बंद पडले तर आपल्याला कोण कळवतो? पालकच, आणि तेही रागावून. हे काम करणारी सॉफ्टवेअरे मिळतात, काही तर फुकट मिळतात. अडचण आहे ती निवडीची.

पहिली कसोटी, तो पहारेकरी पाहतो काय? केवळ ‘पिंग’ करणारे सॉफ्टवेअर म्हणजे दार ठोठावून आतून ‘ओ’ आली की समाधान मानणारा माणूस. यंत्र जिवंत आहे एवढेच त्यातून कळते. त्याहून बरे ते, जे पान मागवून सर्व्हरने दिलेला क्रमांक वाचते: २०० म्हणजे ठीक, ५०० म्हणजे आत बिघाड, ५०३ म्हणजे तूर्त सेवा देता येत नाही. पण कित्येकदा बिघाडाची सूचना छापलेले पानच २०० क्रमांक घेऊन येते! म्हणून पानावर ‘प्रवेश अर्ज’ यासारखा ठरावीक शब्द आहे की नाही, हे तपासणारेच घ्यावे. सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी आठवण देणारे असेल तर फारच उत्तम.

दुसरी कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते. तो पहारेकरी बसतो कुठे? ज्या यंत्रावर संकेतस्थळ, त्याच यंत्रावर पहारा ठेवला तर दोघेही एकदमच गप्प होतात. कार्यालयातल्या संगणकावर ठेवला तर वीज गेली की पहाराही गेला, आणि आपल्याकडे वीज कशी जाते हे मी सांगावे असे नाही. जिनिंगच्या आवारात रात्रीचा चौकीदार तासातासाला टोले देई. टोला चुकला की माणसे पाहायला धावत. तोच न्याय इथे लावावा. पहारेकऱ्याने ठराविक वेळाने बाहेरच्या एखाद्या सेवेकडे ‘मी जागा आहे’ असा निरोप धाडावा, आणि निरोप चुकला की त्या सेवेने हाक द्यावी.

आता नावे. १९९९ पासूनचे नागिऑस आणि २००१ मध्ये लोकांसमोर आलेले झॅबिक्स ही दोन्ही भक्कम. पण ती अनेक यंत्रे आणि जाणता माणूस पदरी असलेल्यांसाठी. एका संकेतस्थळाकरिता ती घेणे म्हणजे सायकलच्या पंक्चरला ट्रकचा जॅक. २०२१ साली आलेले अपटाइम कुमा हलके आहे, ब्राउझरमधूनच चालते, शब्दही तपासते आणि टेलिग्रामवर निरोप धाडते. ज्या शाळेत संगणकाचा हौशी शिक्षक आहे तिने ते जरूर घ्यावे. जिथे तसा कोणी नाही, तिथे अपटाइमरोबोटसारखी बाहेरची तयार सेवा पुरे. तिचा पहारा मुळातच बाहेरून असतो.

तपासणी पाच मिनिटांनी ठेवावी. एका चुकलेल्या तपासणीवर ओरड नको, दुसऱ्यांदाही चुकली की मगच. रात्री तीनदा खोटी हाक आली की चौथ्यांदा फोन बंद होतो, हा मनुष्यस्वभाव.

होस्टिंग कंपन्यांच्या टक्क्यांनी मात्र भुलू नये. ९९ टक्के चालू म्हणजे वर्षाकाठी ८७ तासांहून अधिक बंद, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. आणि हे तास नेमके निकालाच्याच दिवशी आले तर?

शेवटी, निरोप कोणाच्या फोनवर येणार ते आजच ठरवा. एक नाव नको, दोन असू द्या. एक लग्नाला गेला तर दुसरा गावात असतो. आणि सॉफ्टवेअर बसवल्यावर, मे महिना उजाडण्याआधी, एखाद्या रविवारी दुपारी संकेतस्थळ मुद्दाम दहा-पंधरा मिनिटे बंद करा, आणि त्या दोघांपैकी कोणाचा फोन वाजतो ते पाहा.