पेट्रोलची वाफ आणि आपला उन्हाळा



मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो, हे सांगायला वक्ता लागत नाही. पण मोहर्लीच्या जंगल सफारीच्या फाटकावर दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या जिप्सीच्या टाकीत तेव्हा काय चाललेलं असतं? पेट्रोलमधले हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतात. टाकीत वाफ कोंडते, दाब चढतो.

ही वाफ मोकळी सोडली तर काय होतं, ते कॅलटेक या अमेरिकी संस्थेतल्या आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. लॉस एंजेलिसवर दाटणारं धुरकं पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यापासून उन्हात तयार होत होतं. शिवाय या वाफेत बेंझीन असतं, आणि त्यानं कर्करोग होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली अतिप्रदूषित क्षेत्रांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर होतं. खाणी आणि वीजकेंद्र आपण एका दिवसात बदलू शकत नाही, गाडीची वाफ मात्र आपल्या हातात आहे.

ही वाफ अडवायला गाडीत सक्रिय कोळशाचा एक डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. गाडी उभी असताना कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, डब्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि साठलेली वाफ इंजिनात जळून जाते.

हा डबा आपल्याकडे खराब होतो तो मुख्यतः एका सवयीनं. गडचिरोलीहून सिरोंचा जवळपास दोनशे किलोमीटर, मध्ये जंगल. पुढे पंप मिळेल न मिळेल, म्हणून नोझल आपोआप बंद झाल्यावरही आपण म्हणतो, ‘अजून थोडं टाका, गळ्यापर्यंत भरा.’ ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या पाइपातून थेट कोळशात उतरतं. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, आणि त्याचे कण सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. ही भीती मला समजते. तिच्यावर उपाय म्हणजे टाकी अर्धी झाली की भरणं.

दुसरा शत्रू धूळ आणि किडे. डब्याचं हवेचं तोंड लाल मातीनं किंवा कुंभारमाशीच्या घरट्यानं बुजू शकतं. यात नवल नाही. २०११ साली अमेरिकेत माझ्दानं हजारो गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांच्या डब्याच्या हवेच्या नळीत कोळी जाळं विणत होते. तोंड बुजलं की टाकीचं झाकण उघडताना जोराचा फुस्स आवाज येतो आणि पंपावर नोझल सारखं बंद पडतं. उलट, पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याचा संशय घ्यावा.

इंजिनचा इशारा-दिवा लागला आणि गॅरेजच्या स्कॅनरवर पी ०४५५ हा कोड आला तर वाफेची मोठी गळती, पी ०४४२ आला तर लहान. कोड कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही, आणि अनेक गॅरेजांत तिथेच नवा डबा विकला जातो. आधी टाकीचं झाकण पाहा: रबराला चीर आहे का, ते टकटक वाजेपर्यंत फिरतं का. मग नळ्या हातानं चाचपा, उंदरांनी कुरतडलेल्या असतात. मग पर्ज व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहा. वीज नसताना त्यातून हवा जायला नको. तरीही सापडलं नाही तर धुराच्या यंत्रानं अगदी हलक्या दाबावर तपासून घ्या. टायरच्या कॉम्प्रेसरनं हवा मारू नका, टाकी फुगून फाटू शकते आणि वाफेला आग लागू शकते.

आता आपल्या उन्हाळ्याची खास अडचण. ज्या गाड्या ही गळती स्वतः तपासतात, त्या ठरावीक स्थितीतच तपासतात: इंजिन रात्रभर थंड झालेलं, टाकी ना रिकामी ना काठोकाठ, आणि बाहेरचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आत. मे महिन्यात दिवसा ही अट इथे पुरीच होत नाही. म्हणून एप्रिलमध्ये दिवा विझवून ‘झालं काम’ म्हणून दिलेली गाडी ऊन उतरल्यावर पुन्हा दिवा दाखवते, आणि मेकॅनिक व गिऱ्हाईक एकमेकांवर चिडतात. दुरुस्तीनंतर टाकी अर्धी ठेवा, भल्या पहाटे गाडी काढा, आणि स्कॅनरवर ती तपासणी पूर्ण झाल्याची नोंद दिसल्याशिवाय काम संपलं असं धरू नका.