घर कुणाच्या नावावर?



गेल्या महिन्यात नवीन जालन्यातल्या एका नव्या वसाहतीत घर बघायला गेले होते. माझ्यासाठी नव्हे, आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका बाईने सोबत बोलावलं म्हणून. जाहिरातीत 'सर्व सोयींनी युक्त' असं छापलेलं. शाळा पाच मिनिटांवर, दवाखाना जवळ, बाजार जवळ. दलाल हे सगळं तिच्या नवऱ्याला सांगत होता. बाईने एकच विचारलं, "नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?" दलाल म्हणाला, "बोअर आहे ना, वहिनी." विषय संपला.

सोयींची ही यादी करतं कोण? नवीन जालन्याची तहान निजामाच्या काळापासून घाणेवाडीच्या तलावावर भागत आली. २०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर जगलं. टँकरचा आवाज आला की कामाचा खाडा करून हंडे घेऊन कोण धावलं, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. रात्री कामावरून परतणारीला गल्लीतला दिवा म्हणजे सोय. जाहिरातीत दिवा नसतो, 'निसर्गरम्य परिसर' असतो.

पण मला आज खरं बोलायचंय ते पुढचं. नवरा अचानक म्हणाला, "घर हिच्याच नावावर घेतोय." मला बरं वाटलं. मग कळलं, बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २०२१ पासून महाराष्ट्रात हा नियम आहे. आधी त्यात अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट जाचक म्हणून २०२३ मध्ये काढली. बाईला स्वतःचं घर कुणालाही विकता यावं, हे तत्त्व बरोबरच आहे. पण आपल्या घरांत सही कशी घेतली जाते ते आपण बघतो. शिवाय पत्नीने पतीला राहतं घर बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. म्हणजे आज सवलत घ्यायची आणि उद्या "इथे सही कर" म्हणायचं. कागद कपाटात, किल्ली त्याच्याकडे.

माहेरचंही तसंच. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. तरी राखीपौर्णिमेच्या आसपास हक्कसोडपत्रं होतातच. भाऊ तुटेल ही भीती खोटी नाही, मी ती उडवून लावत नाही. पण भावाला बहीण तुटेल अशी भीती का वाटत नाही?

एक मात्र सगळ्यांना सांगा. घर नावावर नसलं तरी नवरा रस्त्यावर काढू शकत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या १७ व्या कलमाने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलाय. ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सामायिक ठरू शकतं, असं २०२० च्याच निकालात म्हटलंय. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हेही त्यांना समजावून सांगा.

परतताना रिक्षात मी तिला म्हटलं, दस्त झाला की इंडेक्स टू ची एक प्रत स्वतः काढून घे आणि बहिणीकडे ठेव. कोऱ्या कागदावर सही नको. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, आधी पाण्याचं विचारून येते शेजारच्या बायकांना. मग इसार." इसार अजून दिलेला नाही.