बिनतारी जोडणी आणि घरची किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘घरच्या संगणकाला वायफाय कसे जोडावे’ हा विषय दिला, तेव्हा पुष्कळजणींच्या मनात आले असेल की, हे काम मुलांचे. आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य? माझे म्हणणे नेमके उलट आहे. गॅसचा नंबर, दुधाचा हिशेब आणि कोठीची किल्ली जिच्याकडे असते, तिच्याकडेच या जोडणीची किल्लीही असली पाहिजे.

प्रथम मनातली भीती घालवू. बिनतारी म्हणजे जादू नव्हे. वायफाय हे आपल्या रेडिओचेच धाकटे भावंड आहे. आचार्य जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात १८९५ साली तारेवाचून, अदृश्य लहरींच्या बळावर घंटा वाजवून दाखवली होती. त्याच कुळातल्या लहरी आज आपल्या घरात संगणकाशी बोलतात. रेडिओ नुसता ऐकतो. हे यंत्र ऐकते आणि उत्तरही देते, एवढाच फरक. पूर्वी रेडिओ घरी आणला की पोस्टातून परवाना काढावा लागे, हे ज्येष्ठ भगिनींना आठवत असेल. घरच्या वायफायला तसा परवाना लागत नाही. ज्यावर ते चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ साली परवानामुक्त केला आहे.

आता घरात काय काय येते ते पाहू. जोडणी बिनतारी म्हटली तरी घराच्या भिंतीपर्यंत तार येतेच. हल्ली ती बहुधा काचेच्या बारीक तंतूची असते आणि तिच्यातून वीज नव्हे, उजेड येतो. म्हणून ती कपाटामागे दाबू नये, कोपऱ्यात काटकोनात मोडू नये. ती ज्या डबीत शिरते ती डबी उजेडाचे विजेच्या खुणांत रूपांतर करते आणि राउटर त्या खुणा लहरींनी घरभर पसरवतो. पुष्कळदा ही दोन्ही कामे एकच डबी करते.

ही डबी ठेवावी कुठे? बसवायला येणारा मुलगा दाराजवळ, जिथे त्याची तार संपते तिथे ठोकून मोकळा होतो. आपण त्याला थांबवावे. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ती असावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि जाड भिंत या लहरींच्या वैरिणी आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्याजवळ चालतो, तेव्हा स्वयंपाकघर नको. राउटरवर दोन नावे दिसली तर गोंधळू नये. २.४ ची लहर दूरवर पोचते, पण संथ. ५ ची चपळ, पण भिंतीला लवकर दमते. संगणक त्याच खोलीत असेल तर ५, आतल्या खोलीत असेल तर २.४ घ्यावी.

वेगाच्या मापातही बाजारातल्यासारखेच डोळे उघडे ठेवावेत. जाहिरातीतले १०० हे मेगाबिट असतात आणि फायली मोजल्या जातात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट पदरात पडतात.

यापुढचे काम सर्वांत महत्त्वाचे. या यंत्राला दोन किल्ल्या असतात. एक वायफायचा परवलीचा शब्द. ती दाराची किल्ली. दुसरी राउटरच्या आतल्या मांडणीची, ती तिजोरीची. डबीच्या पाठीमागे १९२.१६८ ने सुरू होणारा एक आकडा लिहिलेला असतो. तो संगणकावर, जिथे संकेतस्थळाचा पत्ता लिहितो तिथे लिहिला की आतली मांडणी उघडते. कारखान्यातून आलेले शब्द पुष्कळदा सोपे आणि सर्वांना ठाऊक असतात, म्हणून दोन्ही पहिल्याच दिवशी बदलावेत. मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा मोबाइलचा नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडावेत. लक्षात राहतात आणि ओळखता येत नाहीत. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३, निदान डब्ल्यूपीए-२ निवडावे. पाहुण्यांसाठी निराळे नाव उघडण्याची सोय असते, तीही वापरावी. आलेला माणूस ओटीवर बसतो, माजघरात शिरत नाही, तसेच हे.

मग संगणक जोडणे ते काय! पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखी खूण असते. तिच्यावर टिचकी मारावी, आपल्या घरचे नाव निवडावे, परवलीचा शब्द भरावा आणि ‘आपोआप जोड’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण करावी. जुन्या टेबलावरच्या संगणकात ती खूणच नसेल, तर त्याला बिनतारी कान नाहीत असे समजावे. काही शे रुपयांत बोटाच्या पेराएवढा वायफाय अडॅप्टर मिळतो. तो यूएसबीच्या खाचेत बसवला की झाले. संगणक राउटरशेजारीच असेल तर सरळ तार जोडावी. तीच सर्वांत भरवशाची.

भगिनींनो, हे सारे मी एवढ्या आग्रहाने का सांगते आहे? आमच्या शेजारच्या एका बाईंचे यजमान वारले. जोडणी त्यांच्या नावावर, नंबर त्यांचा, परवलीचे शब्द परगावच्या मुलाला ठाऊक. बिलाची सूचना बंद पडलेल्या मोबाइलवर येत राहिली आणि एक दिवस जोडणी तुटली. तक्रार करावी, तर संकेतांक जाई त्याच बंद नंबरवर. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला आता घरबसल्या देता येतो, ‘जीवन प्रमाण’ची ती सोय २०१४ पासून आहे, पण त्यांच्या घरात यंत्र असून त्यांना दुसऱ्याच्या दारी जावे लागले. मुलगा येईपर्यंत तीन आठवडे परदेशातल्या नातवाचे तोंड दिसले नाही. त्या म्हणाल्या, “घर माझं, पण दार उघडायला मला कुणाला तरी हाक मारावी लागते.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून प्रत्येकीने एक वही करावी. जोडणी कुणाच्या नावावर आहे, ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाइल, बिलाची तारीख आणि दोन्ही किल्ल्या तीत लिहाव्यात. वही कपाटात ठेवावी, राउटरच्या भिंतीवर चिकटवू नये. आपला नंबरही नोंदवून घ्यावा. डबीवर एलओएसचा दिवा लाल झाला तर बाहेरून उजेडच येत नाही असे समजावे आणि दुरुस्तीवाल्याला तेच शब्द सांगावेत. फोनवर कुणी ‘जोडणी बंद होईल, संकेतांक सांगा’ म्हणाले तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

येत्या भिशीच्या दिवशी ज्यांना हवे असेल त्यांनी आपल्या राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन यावे. तो दुसऱ्या कुणाला पाठवू नये. आपण दोघी-दोघी बसून वही पुरी करू. ज्या हातांनी शिवणयंत्रात दोरा ओवला, त्या हातांना हे जड नाही.